हं म्हणेपर्यंत

माझ्या थोरलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. बातमी आली तेव्हा वन्सं मागच्या खोलीत प्रूफं वाचत बसल्या होत्या. मी दारातूनच सांगितलं, "दोन झाली. दोन्ही मुली."

वन्संनी कागदावरचं बोट न उचलता म्हटलं, "बघ, तुझी लेक एकवचनावरून उडी मारून थेट अनेकवचनावर गेली. घाई पहिल्यापासूनच."

आमचे हे हसले, पण त्यांचंही बोट ओळीवरच होतं. त्या दोघांचं काम तसंच होतं. जग बुडालं तरी ओळीवरचं बोट उठायचं नाही.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. हे त्यांना आक्का म्हणायचे, त्या ह्यांना धाकट्या म्हणायच्या. ह्यांचे केस पिकले तरी धाकट्याच. वन्संनी लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मला वाचून दाखवायला एक माणूस मिळालंय, आणखी कशाला?" गल्लीच्या टोकाला छापखाना होता, तिथून प्रूफं घरी यायची. दोघं भावंडं मागच्या खोलीत समोरासमोर बसून ती तपासायची. मध्ये एक टेबल, दोन खुर्च्या, आणि अंगणाकडे उघडणारी एक खिडकी. वन्संच्या हातात लेखकाचा मूळ कागद असायचा, ह्यांच्या हातात छापलेलं प्रूफ. वन्सं मोठ्यानं वाचायच्या, हे ऐकत ऐकत प्रूफावर नजर फिरवायचे. इंग्रजीचं काम असलं की शब्द न वाचता एकेक अक्षर वाचायच्या. स्वल्पविराम आला की "कॉमा" म्हणायच्या. आणि शब्दाच्या डोक्याशेजारी जी बारीक आकडी येते, जिला ते लोक अ‍ॅपॉस्ट्रॉफी म्हणतात, ती आली की बोटाच्या पेरानं टेबलावर एक टकटक. एवढं मोठं नाव दिवसातून शंभरदा घेऊन जीभ दमते, म्हणून वन्संनीच ती सोय काढली होती. घरात आम्ही तिला हुकच म्हणायचो.

ओळ संपली, की हे म्हणायचे "हं." हं म्हटलं की वन्सं पुढच्या ओळीवर. ह्यांनी हं म्हटलं नाही, तर त्याचा अर्थ, काहीतरी जुळलं नाही, परत वाच. मग वन्सं तीच ओळ पुन्हा वाचायच्या. तेवढ्यात हे चूक धरायचे, समासात खूण करायचे आणि मग हं. चूक दुरुस्त झाल्याशिवाय हं म्हणायचं नाही, हा त्या खोलीतला एकच नियम. दोघांनी तो इतकी वर्षं पाळला, की जेवतानासुद्धा मी काही सांगितलं आणि हे गप्प राहिले, तर मी तेच परत सांगायचे. सवयच लागली.

दुसऱ्यांदा वाचताना वन्संचा आवाज थोडा खाली यायचा. आपणच तर चुकलो नाही ना, अशी शंका त्यात असायची. प्रूफात चूक निघाली तर त्या खूष. पण स्वतः वाचताना एखादं अक्षर चुकलं, तर त्या दिवशी भाकरीचा पहिला घास बराच वेळ ताटातच फिरायचा.

मला अक्षर शिकवलं ते वन्संनीच. तोवर मी अंगठेबहाद्दर. माझं डोकं पिकायला लागल्यावर त्या एक दिवस म्हणाल्या, "तू चहा घेऊन येतेस आणि ह्या कागदांकडे मांजर दुधाकडे बघतं तशी बघतेस. बस इथे." आपली लिपी आली. मग इंग्रजीची अक्षरं नावानं ओळखायला लागले. अर्थ कळायचा नाही, पण कुठलं अक्षर कुठलं हे सांगता यायचं. मला तेवढं पुरे होतं.

त्या वर्षी जे पुस्तक आलं होतं, ते डॉक्टरकीच्या आणि झाडापाल्याच्या विद्यार्थ्यांसाठी होतं. इंग्रजीत लॅटिनवरून आलेल्या शब्दांचं अनेकवचन कसं करायचं आणि मालकी कशी दाखवायची, एवढाच त्याचा विषय. एवढ्याशा गोष्टीवर अख्खं पुस्तक, याचं मला हसू आलं. वन्सं म्हणाल्या, "हसू नकोस. हे शब्द म्हणजे सुना आहेत. लॅटिन त्यांचं माहेर, इंग्रजी सासर. काही सुना सासरी पूर्ण रुळल्या. आल्बम बघ, शेवटी एस लावला की झालं. काही अजून माहेरचीच रीत धरून आहेत. न्यूक्लिअसचं न्यूक्लिआय, बॅक्टेरियमचं बॅक्टेरिया. आणि फॉर्म्युलासारख्या काही दोन्हीकडे पाय ठेवून, फॉर्म्युली म्हणा की फॉर्म्युलाज म्हणा, रागवत नाहीत."

"आणि मालकी?"

"मालकी मात्र सगळ्यांना सासरच्याच रीतीनं सांगावी लागते. हुक आणि एस. अनेकवचनाच्या शेवटी आधीच एस असला तर नुसता हुक."

"म्हणजे माहेरचं काही चालत नाही."

"माहेर आहे कुठे?" वन्सं म्हणाल्या. "ती भाषा घरात बोलणारी माणसं कधीच मेली. पण गंमत बघ. आई मेली, तरी लेकरांचं अनेकवचन अजून तीच ठरवते."

हे प्रूफावरून म्हणाले, "आक्का, वाच. सुनांचं नंतर."

त्या पुस्तकाच्या शेवटाकडच्या एका पानावर वन्सं गेल्या. उन्हाळा होता, दुपारची वेळ होती. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. मागून वन्संचा आवाज येत होता, एकेक अक्षर. ए, पी, पी, ई, एन, डी, आय, सी, ई, एस. मग टेबलावर टकटक. मग पुढचा शब्द, आणि ओळ संपली. ह्यांचं हं ऐकू आलं नाही. मला वाटलं, चूक सापडली, आता वन्सं परत वाचतील. वन्संनी परत वाचलं नाही. मी दुसरं भांडं घेतलं. घर इतकं शांत झालं, की मी फडकं ठेवून आत गेले.

हे प्रूफावर बोट ठेवून वाट बघत होते. मान खाली. वन्सं खुर्चीतच होत्या, मूळ कागद छातीशी धरलेला, हनुवटी त्यावर टेकलेली. पेर अजून टेबलावर होतं.

ह्यांना कळायला वेळ लागला. मला बघून म्हणाले, "आक्का परत का वाचत नाही?"

पुढचं सगळं जसं असतं तसं झालं. थोरली एक पोर कडेवर आणि एक पोर नवऱ्याच्या कडेवर घेऊन आली, रडली, गेली. घर पाहुण्यांनी भरलं आणि रिकामं झालं. हे कामाला बसले. पुस्तकाची उरलेली पानं एकट्यानं तपासली, डावीकडे मूळ, उजवीकडे प्रूफ, नजर इकडून तिकडे. ते पान मात्र तसंच ठेवलं. मी समजून घेतलं. माणसाला वेळ लागतो.

मग माझ्या लक्षात आलं, की दुपारचं जेवण झालं की हे ते पान काढून बसतात. पेन टोपण लावून बाजूला. बोट एका ओळीवर. आणि गप्प. नुसते बसलेले नाही, ऐकत बसलेले. ऐकणाऱ्या माणसाची मान वेगळी असते. बायकोला ती ओळखता येते, विशेषतः ती मान आपल्यासाठी कधी वाकलेली नसली तर.

एकदा चहा घेऊन गेले आणि मला टकटक ऐकू आली.

मी आधी खिडकीकडे बघितलं. कडी हलत असेल. दुसऱ्या दिवशी कडीला चिंधी बांधली. दुपारी पुन्हा टकटक. मग वाटलं पाल असेल, लाकडात कीड असेल. टेबल उलटं करून बघितलं, रॉकेल लावलं. त्या दुपारी मी दाराशी उभी राहिले, श्वास रोखून. खोलीत आवाज नव्हता. वन्संचा आवाज मला ऐकू आला नाही, खोटं का सांगू. पण थोड्या वेळानं, बरोबर एक शब्द वाचून व्हावा एवढ्या वेळानं, टेबलावर पेर वाजलं. ह्यांचे दोन्ही हात कागदावर होते.

हे हं म्हणाले नाहीत. पुन्हा तेवढाच वेळ गेला. पुन्हा पेर वाजलं.

 मी ओरडले नाही. वन्संना मी काय घाबरणार? ज्या बाईनं माझं बोट धरून अक्षर गिरवून घेतलं, ती बाई ती. घाबरले ते ह्यांच्या चेहऱ्याला. तो सुखात होता.

त्यानंतर हे आटत गेले. सकाळचं खाणं सुटलं, मग संध्याकाळचंही निम्म्यावर आलं. सदरा खांद्यावरून घसरायला लागला. थोरलीनं निरोप धाडला, बाबा नातींना बघायला का येत नाहीत, मुली आता बसायला लागल्या. हे म्हणाले, "दुपारी मला काम असतं." मी म्हटलं, सकाळी जाऊ. म्हणाले, "सकाळी गेलो तर दुपारच्या आत परत येणं होणार नाही." बाहेर पडणं थांबलं. रात्री माझ्याशेजारी झोपायचे ते दुसऱ्या दिवशीच्या दुपारची वाट बघत. मला एकच दिसत होतं. वन्संना आणायला गेलेला हा माणूस परत यायचा नाही.

छापखान्यातला जुळारी एका सकाळी येऊन उभा राहिला. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारा माणूस, बोटं कायमची काळी. मी खुर्ची दाखवली. वन्संच्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "मी उभाच बरा, वहिनी."

मग ह्यांना म्हणाला, "मास्तर, तुमच्या एका पानानं माझे खिळे अडकवून ठेवलेत. पुढच्या पुस्तकाला खिळे आणू कुठून, दातांतून काढू?"

"उद्या देतो," हे म्हणाले.

"उद्या उद्या करत माझी नात चालायला लागली. मालक म्हणाले, बाकी सगळं छापून झालंय. उद्या दुपारी मी येईन. तपासलेलं असलं तर उत्तम, नाही तर आहे तसं छापतो."

"आहे तसं छापा," हे शांतपणे म्हणाले.

जुळारी माझ्याकडे बघत राहिला. ह्यांच्या तोंडून असलं वाक्य त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. एकदा उलटा पडलेला एक खिळा दुरुस्त करायला हे भर उन्हात छापखान्यात पळाले होते, यंत्र थांबवलं होतं. तो गेल्यावर मी दार लावून घेतलं.

"त्या पानात चूक आहे ना?" मी विचारलं.

"आहे."

"कुठे?"

त्यांनी बोट ठेवलं, ते रोज ठेवत होते त्याच ओळीवर. अपेंडिसीझ, म्हणजे परिशिष्टं. परिशिष्टांचा क्रम, असा काहीतरी शब्द होता. वन्संच्या कागदावर शेवटच्या एसनंतर हुक होता. प्रूफात नव्हता. एकटा हुक, पुढे काही नाही, सुटायला सोपा. हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. इतके दिवस मी टकटक ऐकत होते, आणि त्या जागी कागद कोरा होता.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"आक्का वाचत होती तेव्हाच दिसलं होतं. म्हणून तर गप्प राहिलो."

"मग खूण का केली नाही?"

हे माझ्याकडे लहान पोराकडे बघावं तसे बघायला लागले. "खूण केली की हं म्हणावं लागेल. हं म्हटलं की ती पुढच्या ओळीवर जाईल. पुढे किती ओळी आहेत माहीत आहे? पान संपत आलंय. मी गप्प आहे तोवर ती ही ओळ परत वाचते. रोज वाचते. तुला काय त्रास आहे?"

"उद्या ते पान घेऊन जातील."

"जाऊ दे. चूक छापली जाईल, मग ती कधीच दुरुस्त व्हायची नाही. चांगलंच आहे."

 वन्संच्या हातून गेलेल्या कुठल्याच पुस्तकात चूक नव्हती. सगळा छापखाना त्यांच्या नावानं शपथ घ्यायचा. आणि त्यांच्या शेवटच्या पानात भाऊ जाणूनबुजून चूक ठेवणार होता. हे मी बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, "नावाचं काय घेऊन बसलीस. मला नाव नकोय, आक्का पाहिजे." आणि कूस बदलल्यासारखी मान फिरवली. भांडून उपयोग नव्हता. मीही त्यांच्यासारखाच विचार केला असता, माझी कुणी अशी रोज येत असती तर.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. म्हणजे मी जेवले, ह्यांनी ताट पुढे ओढलं आणि मागे सारलं. हे आत जाऊन बसले. मी हात धुतले, पदराला पुसले, आत गेले आणि वन्संच्या खुर्चीत बसले.

"उठ तिथून," हे म्हणाले.

"मी वाचते. तुम्ही ऐका."

"तुला वाचता येतं?"

"अक्षरं येतात. तुमच्या आक्कानंच शिकवली. त्यात चूक निघाली तर तिलाच सांगा."

मूळ कागद हातात घेतला. खुर्ची गार नव्हती. मी ओळ शोधली, बोट ठेवलं, आणि वाचायला लागले. ए. पी. पी. ई. माझं बोट एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत माणूस डुलकी काढेल, एवढा वेळ. एन. डी. आय. सी. ई. एस. मग हुक आला. मी टेबलावर वाजवायला हात उचलला. मी वाजवायच्या आधी वाजलं.

माझ्या हाताखाली, लाकडात. टेकलेल्या कोपराला ते कळलं.

हात तसाच वर ठेवून मी बघितलं. आणि तेव्हा पहिल्यांदा मला त्या जागेवरून हे दिसले. इतकी वर्षं मी दारातून बघत आले होते, मला त्यांची पाठ आणि मान दिसायची. वन्संच्या खुर्चीतून समोर दिसतं ते फक्त त्यांचं तोंड, कागदाच्या कडेवरून. ते तोंड घट्ट मिटलेलं होतं. औषध घ्यायचं नाही म्हणून हट्टानं ओठ आवळलेलं पोर असतं तसं.

"अहो," मी म्हटलं, "इथून काय दिसतं तुम्हाला ठाऊक आहे?"

ह्यांनी बोट ओळीवर आणखी दाबलं.

"इथून तुमचं मिटलेलं तोंड दिसतं. प्रूफ दिसत नाही. त्यात हुक आहे की नाही, वन्संना कुठून कळणार? त्यांच्या हातातल्या कागदावर सगळं बरोबर आहे. त्या बरोबर वाचतात, आणि समोर तुमचं तोंड उघडत नाही. परत वाचतात, उघडत नाही. इतके महिने." मी वर धरलेला हात टेबलावर टेकवला. "त्यांना वाटत असेल, आपण चुकतोय."

ह्यांचं बोट ओळीवरून उठलं. मी ते पहिल्यांदा बघितलं.

"आक्का चुकत नाही," हे म्हणाले. मला नाही, माझ्या खांद्याच्या वर बघून.

"मग सांगा तिला."

 ह्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसत नव्हते. लाकडात पुन्हा वाजलं, पण हलकं. शंकेनं विचारल्यासारखं. मग ह्यांनी पेनचं टोपण काढलं. एसच्या पुढे खूण केली, समासात हुक काढला, नेहमीसारखा नीट, शेपटीसकट.

"आक्का, तुझं बरोबर होतं," हे म्हणाले. "चूक इकडे होती." आणि म्हणाले, "हं."

मी घाईनं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. पहिलं अक्षर टी होतं. मी टी म्हटलं आणि दुसरं अक्षर ओळखायला वाकले, तोवर हे म्हणाले, "हं."

मी वर बघितलं. ह्यांची नजर प्रूफावरून सरकत होती, मान वाकलेली, पेन बोटांत. मी तोंड मिटून घेतलं. हे एकेक ओळ पुढे जात राहिले. ओळीला लागतो तेवढा वेळ जायचा, वन्संना लागायचा तेवढाच, आणि मग हं. एका ठिकाणी ते थांबले, तेवढाच वेळ आणखी गेला, मग समासात खूण करून हं म्हणाले. मधूनच माझ्या हाताखालचं लाकूड वाजायचं. मी हात काढून घेतला नाही. अंगणातून ऊन खिडकीच्या चौकटीवर आलं होतं. मी मांडीवर कागद धरून बसले होते, आणि मी न वाचताच सगळं वाचलं जात होतं.

पानाच्या तळाशी हे आले. शेवटचं हं म्हणाले ते नेहमीपेक्षा थोडं लांब. मग खोलीत काहीच राहिलं नाही. नुसती खोली राहिली, टेबल आणि आम्ही दोघं म्हातारी.

जुळारी आला तेव्हा ह्यांनी पान त्याच्या हातात दिलं. त्यानं उभ्यानंच नजर टाकली. "एका हुकासाठी माझा एवढा जीव काढलात होय," म्हणाला. हे म्हणाले, "दोन चुका आहेत. दुसरी नीट बघा." तो गेल्यावर ह्यांनी पाणी मागितलं, मग म्हणाले, काही खायला आहे का. मी दुपारचंच गरम करून वाढलं. जेवताना रडत होते, पण जेवले.

त्यानंतर त्या खोलीत टकटक ऐकू आली नाही. मी पुष्कळदा कान देऊन बघितलं. हे इंग्रजीचं काम घ्यायचे बंद झाले, आपल्या लिपीतलं घ्यायला लागले, आणि मूळ कागद मी वाचायला लागले. माझी गती बेताची. कधीकधी मी ओळ संपवून त्यांच्या हं ची वाट बघायचे आणि ते यायचं नाही. परत वाचायचे. मग यायचं.

वन्सं त्या वर्षी उन्हाळ्यात, एका मंगळवारी दुपारी, बसल्या जागी गेल्या. हे त्यानंतर नऊ वर्षांनी, थंडीच्या सुरुवातीला, सकाळी, दवाखान्याच्या खाटेवर गेले.